मैदानात बरोबर, चहाला वेगळे
(पाळवणकर बाळू आणि त्यांच्या भावांची गोष्ट)



क्रीडादिनाची तयारी सुरू झाली की वर्गात खेळाडूंच्या गोष्टी निघतातच. यंदा आठवीच्या वर्गात जेसी ओवेन्स या अमेरिकन धावपटूची गोष्ट निघाली. ती संपल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, हे सगळं अमेरिकेत झालं. आपल्याकडे असं कुणाच्या वाट्याला आलं होतं का?" प्रश्न चांगला होता, पण तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर या अंकात देत आहे. आपल्या मराठी माणसांनी, विशेषतः पालकांनीही, ते वाचावे अशी इच्छा आहे.

आधी ओवेन्सविषयी

जेसी ओवेन्सचा जन्म १९१३ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. त्याचे आजोबा गुलाम होते. २५ मे १९३५ या एका दिवशी, तासाभराच्या आत, त्याने तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या दिवशीची त्याची लांब उडी ८.१३ मीटरची होती आणि तो विक्रम पुढे पंचवीस वर्षे टिकला. पण ज्या विद्यापीठासाठी तो धावत होता, तिथल्या वसतिगृहात त्याला राहता येत नव्हते. संघाबरोबर प्रवासाला निघाला की गोऱ्या सोबत्यांच्या पंगतीला बसण्याचीही चोरी होती.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ x १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके मिळवली. गोरा वंशच श्रेष्ठ असे सांगणाऱ्या हिटलरच्या राजधानीत हे घडले. लांब उडीत त्याच्याकडून हरलेल्या लुट्झ लाँग या जर्मन खेळाडूने सर्वांदेखत त्याचे अभिनंदन केले आणि त्याच्या हातात हात घालून तो चालला.

बहुतेक जण ही गोष्ट इथेच संपवतात. खरी गोष्ट पुढे आहे. ओवेन्स मायदेशी परतला तेव्हा न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात त्याच्या सत्काराचा समारंभ होता. त्या समारंभाला जाण्यासाठी त्याला सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. अमेरिकेच्या अध्यक्षांकडून त्याला अभिनंदनाचा साधा निरोपही आला नाही. पोटासाठी त्याला घोड्यांबरोबर शर्यती लावाव्या लागल्या. देशाचा मोठा नागरी सन्मान मिळाला तो १९७६ साली, म्हणजे बर्लिननंतर चाळीस वर्षांनी.

म्हणजे पदक त्याचे होते, लिफ्ट मात्र सामानाची. ही बाब लक्षात ठेवा, कारण आपल्याकडच्या गोष्टीत लिफ्टच्या जागी चहाचे भांडे आहे.

धारवाड ते पुणे

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पाळवण गावचे, म्हणून आडनाव पाळवणकर. जातीने चर्मकार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. विहीर, देऊळ, शाळा आणि पंगत या सगळ्यांपासून त्याला दूर ठेवले जाई. वडील लष्करात नोकरीला होते आणि नोकरीमुळे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले.

बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे महिना चार रुपये मिळू लागले. काम तेच, शिवाय जाळी बांधणे आणि टेनिस कोर्टाच्या रेघा आखणे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. त्या वेळी फलंदाजी हा साहेबाचा छंद आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी समजली जाई. उन्हात तासन् तास चेंडू टाकायला नोकर लागत, म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच दिली गेली. जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी तिथले नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देईन, असे ग्रेगसाहेबांनी बाळूंना सांगितले होते, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ग्रेग यांना बाद करता करता बाळू पक्के गोलंदाज झाले एवढे खरे.

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. असा गोलंदाज चेंडू टाकतो तेव्हा तो टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळतो. फलंदाज बॅट पुढे करतो आणि चेंडू कड घेऊन झेल जातो. बाळू मधूनच चेंडू उलट्या बाजूला वळवीत, वेगही बदलीत. त्यामुळे पुढचा चेंडू कसा येणार हे फलंदाजाला कळत नसे. अचूकता तर अशी की दिवसभर एकाच जागी टप्पा टाकावा.

संघात घ्यावे की नाही?

त्या काळचे क्रिकेट आजच्यासारखे राज्यांचे किंवा शहरांचे नव्हते. संघ धर्माप्रमाणे असत. गोऱ्यांचा एक, पारशांचा एक, हिंदूंचा एक. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि गोऱ्यांना रोज जाळीत अडचणीत आणणारा गोलंदाज त्यांच्या शेजारीच रोलर फिरवीत होता. मग त्याला घ्यावे की नाही?

यावर क्लबात वाद झाला. सांगतात की क्लबातील तेलुगु सभासद बाळूंना घ्यावे या मताचे होते, तर स्थानिक मराठी ब्राह्मण मंडळींचा विरोध होता. आपण मराठी माणसे आज तेलुगु लोकांच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहतो, तेव्हा ही गोष्ट थोडी नम्रपणे वाचलेली बरी. शेवटी बाळूंना संघात घेतले. जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली.

पण कुठपर्यंत? मैदानावर बाळू ज्या चेंडूला हात लावीत, तोच चेंडू सगळे हाताळत. त्यात कुणाला विटाळ वाटत नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. ते भांडे वापरून झाले की टाकून देत. हातपाय धुवायचे असले तर त्यांच्यासारखाच अस्पृश्य मानलेला नोकर मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी घालायला येई. जेवणाचे ताट वेगळे आणि बसायची जागाही वेगळी.

आपल्या हैदराबादेत इराणी हॉटेलात शिरलो की तीच कपबशी सकाळी एकाच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या पुढे येते. आधी त्यातून कोण प्याले हे आपण विचारत नाही. पण याच तेलंगणातल्या कितीतरी खेड्यांत चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवण्याची पद्धत फार उशिरापर्यंत होती. 'दोन पेल्यांची पद्धत' म्हणूनच ती ओळखली जाते. तेव्हा बाळूंचे मातीचे भांडे ही फार दूरची गोष्ट समजू नका.

बाळूंच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांच्या संघांना हरवले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावरही विजय मिळाला. त्यानंतर एका समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि सांगितले, की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर तुम्ही खायला-प्यायलाही हवे. लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला.

मुंबई आणि १९०६ चा सामना

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला गेले. काही काळ लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली. मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तिथेही प्रवेशाच्या वेळी कुरकुर झाली, पण पुण्याच्या मानाने ती लवकर मिटली. हळूहळू मुंबईचे खेळाडू त्यांच्याबरोबर एकत्र बसून खाऊ-पिऊ लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. या सामन्याचे महत्त्व समजण्यासाठी दुसरी भिंतही ध्यानात घ्या. गोऱ्यांच्या जिमखान्याचा सभासद होणे हिंदी माणसाला शक्यच नव्हते. म्हणजे हिंदू संघातले उच्चवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या दारात अस्पृश्यच होते. बाळूंच्या वाट्याला मात्र दोन्ही भिंती आल्या होत्या, रंगाची आणि जातीची.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. युरोपियनांचा दुसरा डाव १०२ वर संपला आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. त्या संघात शिवरामही होते. या विजयाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली ती केवळ गोऱ्यांना हरवले म्हणून नव्हे. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने, पुण्याच्या वेगळ्या चहापासून मुंबईच्या एकत्र जेवणापर्यंतची वाटचाल हाच मोठा विजय आहे, असा विचार मांडला होता.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली हिंदू, मुसलमान आणि पारशी खेळाडूंचा मिळून एक संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. संघाची कामगिरी बेताचीच झाली, बहुतेक सामने हरले. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. तरीही त्यांनी दौऱ्यात सरासरी १८.८४ धावांमागे एक याप्रमाणे ११४ बळी घेतले. चार रुपयांवर रोलर फिरवणाऱ्या माणसाने क्रिकेटच्या मायदेशात ही कामगिरी केली होती.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्काराशी तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. ज्या समाजाला शाळेतही नीट बसू दिले जात नव्हते, त्या समाजाला बाळूंच्या रूपाने मोठा आधार मिळाला होता.

कर्णधार का नाही?

आता शेवटची भिंत. पाळवणकर चार भाऊ. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत. चौघेही हिंदूंच्या संघाकडून खेळले. विठ्ठल तर त्या काळच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. बाळू संघात सर्वांत अनुभवी होते, तरी कर्णधारपद मात्र दर वर्षी दुसऱ्याच कुणाकडे जाई.

मुलांनो, गोलंदाज आणि कर्णधार यांत काय फरक आहे, याचा विचार करा. गोलंदाजाकडून काम करून घेता येते. कर्णधाराचे ऐकावे लागते. कुणी कुठे उभे राहायचे आणि कुणी केव्हा चेंडू टाकायचा हे तो सांगतो. ज्याला वेगळ्या भांड्यात चहा दिला, त्याच्या हुकमात उभे राहणे काहींना मान्य नव्हते. कौशल्य चालते, पण अधिकार चालत नाही, असा हा प्रकार होता.

सगळेच तसे नव्हते. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै हे स्वतः उच्चवर्णीय. आपल्या सत्काराच्या वेळी त्यांनी उघडपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. बर्लिनच्या लुट्झ लाँगची इथे आठवण होते. आपल्या पदरात पडलेला मान दुसऱ्याचा आहे असे म्हणायला धैर्य लागते.

१९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी प्रकरण चिघळले. (हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ खेळत, म्हणून चौरंगी.) बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांना डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर पुढे फार मोठे फलंदाज म्हणून गाजले, पण त्या वेळी ते विठ्ठल यांच्याहून लहान आणि अनुभवानेही कमी होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागची कारणे जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. आपल्या जातीमुळे आपल्याला डावलले जाते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले.

त्याच डिसेंबर महिन्यात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि अस्पृश्यता नष्ट झाली पाहिजे असा ठराव तिथे झाला. सभेत एक आणि मैदानावर दुसरे, हे लोकांना उघड दिसू लागले. निवड समितीला नमते घ्यावे लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार केले आणि दोघे भाऊही खेळले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर असताना काही काळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. बाळूंना मिळालेले नेतृत्व तेवढेच. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. विजयानंतर उच्चवर्णीय प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

मैदानानंतर

बाळूंनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळून १७९ बळी घेतले. सरासरी १५.२१. आकडे कुणाही मोठ्या गोलंदाजाला शोभावेत असे. पुढे ते सार्वजनिक कामात पडले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी हरले. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, दोघांनी सोसलेले मात्र एकच होते.

१९५० मध्ये आपली राज्यघटना लागू झाली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद झाली. ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. वेगळे भांडे देणे हा देशात गुन्हा ठरला, आणि त्यानंतर साधारण महिनाभराने, जुलै १९५५ मध्ये, पाळवणकर बाळू यांचे मुंबईत निधन झाले.

आपण काय घ्यायचे?

ओवेन्सने चार पदके जिंकली म्हणून त्याला पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नाही. बाळूंनी बळी घेतले म्हणून त्यांना आपोआप कप मिळाला नाही. 'खेळात जातपात नसते' असे आपण सहज म्हणतो. पण खेळ आपण होऊन काही बदलत नाही. रानड्यांसारखा कुणी बोलला, पैंसारख्या कुणी मान नाकारून दाखवला, विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्याची संधी सोडून माघार घेतली, तेव्हा थोडे थोडे बदलले. मैदानापासून पॅव्हेलियनपर्यंत शंभर पावले असतील. ती चालायला या कुटुंबाला तीस वर्षे लागली.

संध्याकाळी नल्लकुंट्याच्या गल्ल्यांतून क्रिकेट चालते. तेलुगु, उर्दू, मराठी, कन्नड, हिंदी सगळ्या भाषांत 'आउट' आणि 'नॉट आउट' यांवर भांडणे होतात. ती खुशाल होऊ द्या. पण खेळ संपल्यावर पाण्याची बाटली कुणाकुणापर्यंत जाते, वाढदिवसाला घरात कुणाला बोलावले जाते आणि कुणाला फाटकाशीच चॉकलेट दिले जाते, याकडे थोडे लक्ष द्या. आपला संघ निवडताना जो नेहमी फक्त चेंडू आणून देतो, त्याला कधी कर्णधार केले आहे का, हेही आठवून पाहा.

पालकांना विनंती एवढीच, की मुलांनी मित्राला घरी आणले तर आधी त्याचे आडनाव विचारू नये. आणि विश्वस्त मंडळींना विनंती, की क्रीडादिनी संघनायक निवडताना ज्या मुलांना एरवी फक्त खुर्च्या मांडायला बोलावले जाते त्यांच्याकडेही पाहावे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला उत्तर मिळाले असेल अशी आशा आहे. होय, आपल्याकडेही असा खेळाडू होता आणि तो मराठी होता. त्याला दूर बसवणारेही आपलेच होते, आणि त्याच्यासाठी उभे राहणारेही. यांतले आपण कोण व्हायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.